हिशेबात असंच असतं

नवसूचा कान फुटला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि खैरोलीच्या शाळेत दुसरीत होता. आदल्या दिवशी तो शाळेत गेला नव्हता. मास्तरांनी विचारलं, "आजारी होतास का रे?"

"नाय," नवसू म्हणाला.

"नाही म्हण."

"नाय..."

तो मुद्दाम करत नव्हता. घरात, पाड्यात, शेतावर सगळे नायच म्हणत, आणि माणूस घाबरला की तोंडात घरचाच शब्द येतो. तिसऱ्या वेळी मास्तरांचा हात त्याच्या डाव्या कानावर बसला. पोर अर्धा कोस चालत हेदपाड्याला घरी आलं तेव्हा सदऱ्याच्या खांद्यावर रक्त सुकलं होतं. आईने, बाईजाने, लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडलं. चार महिने कान वाहत होता. वाहायचा थांबला तेव्हा त्या कानाने काहीच ऐकू येईनासं झालं होतं, आणि उजव्या कानाशीही मोठ्याने बोलावं लागे.

ही एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट. हेदपाडा म्हणजे शेणवे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून असलेली वीस-बावीस घरं. तिथे लिहिता-वाचता येणारा माणूस एकच होता, तो म्हणजे नवसूचा बाप वाळू. वाळू शाळेत कधी गेला नव्हता. विसाव्या वर्षी तो पहिल्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेला होता. तिथे साताऱ्याकडच्या एका हवालदाराने रिकाम्या वेळी त्याला रेतीत बोटाने अक्षरं काढून शिकवलं. परत येताना तो बाराखडी, तिसापर्यंत पाढे, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत अपूर्णांकांचे सगळे पाढे आणि साधं त्रैराशिक एवढं घेऊन आला. पाड्यातली पत्रं तोच वाचायचा, तलाठ्याचा कागद तोच समजावून सांगायचा. लोक त्याला मान देत, आणि त्या मानाची त्याला सवय झाली होती.

कान बरा होत नाही हे कळलं त्या दिवशी तो खैरोलीला गेला आणि भरल्या वर्गाच्या दारात उभा राहिला.

"आजपास्नं माजं एक पन पोर तुमच्या शाळंत येनार नाय," तो म्हणाला. "मी शिकवीन. तुमच्यापेक्षा बेस शिकवीन."

मास्तर उठून उभे राहिले.

नवसूला ऐकूच कमी यायचं, त्याचं शिकणं तर संपलंच होतं. प्रश्न राहिला धाकट्या जिवलीचा. ती सात वर्षांची होती आणि त्या वर्षी शाळेत जायची होती. बाईजा म्हणाली, "पोरीला जाऊ द्या. तो मास्तर आता घाबरलाय. पुन्ना हात उचलायचा नाय."

"मी शिकवनार म्हून सांगून आलोय."

"शिकवा की. पन शाळंत पन जाऊ द्या." बाईजाला अक्षर येत नव्हतं, पण ती विचार करून बोलायची. "मास्तर चुकला तं वरसातनं एकदा त्याच्यावर सायब येतो. पोरांना उभं करून विचारतो. तुमच्यावर कोन येनार?"

"मी चुकनार नाय," वाळू म्हणाला.

पहिली तीन वर्षं खरोखरच बेस गेली. शेतावरून आला की वाळू हातपाय धुऊन ओटीवर बसायचा आणि जिवली पाटी घेऊन समोर. त्याने कधी तिला मारलं नाही, ओरडलाही नाही. अक्षर चुकलं तर तो म्हणायचा, "हे अक्षर लंगडतंय, त्याला पाय दे." ती हसायची आणि पाय द्यायची. सहा महिन्यांत ती वाचायला लागली. खैरोलीच्या शाळेत तिच्याएवढी पोरं अजून काना-मात्रा घोकत होती तेव्हा ती दुसरं पुस्तक संपवून बसली होती. नाचणी निंदताना आईच्या मागून ती पाऊणकी म्हणत चालायची. धोंडीबाई म्हातारीच्या लेकाचं मुंबईहून पत्र आलं की म्हातारी वाळूला सोडून जिवलीकडे येऊ लागली, कारण जिवली पत्र दोनदा वाचायची आणि दुसऱ्यांदा हळू वाचायची.

"बघ," वाळू बाईजाला म्हणायचा.

बाईजा बघत होती. तिलाही आनंद होता.

चौथ्या वर्षी वाळूजवळचं संपलं.

ते एका दिवसात संपलं नाही. म्हसा गावच्या जत्रेत त्याने तिसरं पुस्तक विकत घेतलं होतं. जिवलीने ते दोन महिन्यांत पाठ केलं. मग ती प्रश्न विचारायला लागली. पुस्तकात लिहिलं होतं की पृथ्वी सात खंडांची आहे. खंड कुठली, ते पुस्तकात नव्हतं. ते भूगोलाच्या वेगळ्या पुस्तकात असतं, असं वेगळं पुस्तक असतं, हेच वाळूला ठाऊक नव्हतं. शाळेत भिंतीवर नकाशा टांगतात एवढं त्याने दारातून पाहिलं होतं.

तेव्हा त्याने एक गोष्ट केली, ती त्याने घरी कोणाला सांगितली नाही. शेतातलं काम टाकून तो भर दुपारी खैरोलीला गेला आणि शाळेच्या मागच्या भिंतीला, चिंचेखाली, बसला. आत मास्तर शिकवत होते. आवाज अर्धा येत होता, अर्धा पोरांच्या गलक्यात जात होता. वाळू ओठ हलवत ऐकलेलं पाठ करत होता. असं तो तीन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मास्तर तंबाखू थुंकायला मागच्या दाराने बाहेर आले आणि समोर वाळू.



"वाळू," मास्तर म्हणाले, "नवशाचं माझ्या मनातून गेलेलं नाही. मी तेव्हापासून एकाही पोराला हात लावलेला नाही. मुलीला आण. बाहेरून ऐकलेलं अर्धंच असतं रे."

त्यांचं बोलणं मनापासूनचं होतं. पण दारात चार पोरं येऊन उभी राहिली होती, आणि त्यातलं एक खुदकन हसलं. वाळू उठला, धोतर झटकलं आणि चालू लागला. तो पुन्हा तिकडे गेला नाही.

त्या संध्याकाळी जिवलीने विचारलं, "बाबा, सात खंडं कुठली?"

वाळूने सांगितलं. बसरा, मिसर, फरांस, विलायत, रूम, शाम आणि लंका. यातली काही त्याने पाहिली होती, काही पलटणीत ऐकली होती, आणि सात भरेपर्यंत त्याने मोजलं. सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. जिवलीने पाटीवर लिहून घेतलं.

पुढे ते सोपं होत गेलं. त्याने ओटीच्या कुडाच्या भिंतीवर गेरूने पृथ्वीचा नकाशा काढला. घराच्या दारात उभं राहून समुद्राकडे तोंड केलं की जसं दिसेल तसा: वरती समुद्र, मध्ये मुंबई, खाली आपले डोंगर. बोटीने बसऱ्याला जायला जितके दिवस लागले तितक्या रेघा त्याने मारल्या. बसऱ्याच्या पुढे नदी, नदीच्या पुढे वाळवंट, वाळवंटाच्या पुढे जे सुचेल ते. दरवर्षी दिवाळीआधी बाईजा कूड सारवायची आणि नकाशा जायचा. मग वाळू तो पुन्हा काढायचा, आणि दर वेळी एखादी नदी वाढायची. पाड्यातली माणसं येऊन बघायची. नकाशा सुंदर होता, हे खरं आहे.

जिवली दहा वर्षांची असताना त्याने तिला त्रैराशिकाची उदाहरणं घातली. एका उदाहरणात असं होतं, की पाच बायका तीन दिवसांत एक शेत लावतात, तर पंधरा बायका ते किती दिवसांत लावतील? वाळूला हवालदाराने एकच रीत शिकवली होती. हे तिप्पट, म्हणून तेही तिप्पट. उत्तर नऊ आलं.

जिवली पाटीकडे बघत राहिली. "बाबा, बायका जास्ती आल्या तं लावनी लवकर उरकते. परवा गंगीच्या घरच्या आल्या तं आपलं वावर एका दिसात झालं."

वाळूला ते तत्क्षणी दिसलं. जन्म शेतात गेलेल्या माणसाला ते न दिसायला काय झालं? रीत कुठेतरी चुकत होती, पण कुठे ते त्याला कळेना. त्याने पाटी हातात घेतली, परत केली. समोर पोरगी वाट बघत होती. आत बाईजा भाकरी थापत होती आणि तिचा हात थांबला होता.

"ते शेतात," वाळू म्हणाला. "हिशेबात असंच असतं."

जिवलीने नऊ लिहिलं.

एकोणीसशे चाळीस साली बाईजाची बहीण गोदू शहापूरहून आली. गोदू विधवा होती, शहापुरात दोन खोल्यांत एकटी राहायची आणि दोन घरचं दळणकांडण करायची. जिवलीचं वाचन ऐकून ती थक्क झाली. म्हणाली, "हिला माज्याकडं धाडा. तिथल्या शाळंत पाचवीत घेतलं तं दोन-तीन वरसांत पुढची परीक्षा देईल. मास्तरीण होईल बघा. शहापुरात एक मास्तरीण हाय, चपला घालून जाते, लोक वाटंतनं बाजूला होतात."

जिवली तेरा वर्षांची होती. त्या रात्रीपासून तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. मास्तरीण झाल्यावर हेदपाड्यालाच शाळा काढायची, पोरांना मारायचं नाही, नाय म्हटलेलं चालेल असं सांगायचं. हे ती नवसूच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगायची आणि नवसू मान हलवायचा.

वाळू काही ना काही कारण काढत होता. आधी लावणी होऊ दे. पुढच्या वर्षी बघू. बाईजाने शेवटी सरळ विचारलं, "तुमाला भ्या कसलं वाटतं?"

"भ्या कसलं?" वाळू म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे बापलेक शहापूरची वाट चालू लागले.

शाळा नुकतीच उघडली होती. हेडमास्तर वयस्क गृहस्थ होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दाखला नाही म्हटल्यावर त्यांनी हाकलून दिलं नाही. म्हणाले, "घरी शिकलीय? मग बघू या काय शिकलीय. बाळ, ये आत." चौथीच्या वर्गात त्यांनी तिला फळ्याजवळ उभं केलं. वाळू व्हरांड्यात खिडकीशी बसला.

हेडमास्तरांनी तिला चौथीचं पुस्तक दिलं. जिवलीने न पाहिलेलं पान एका दमात वाचलं, स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला थांबली. हेडमास्तरांनी शेजारच्या वर्गातल्या मास्तरांना बोलावून आणलं आणि तिला दुसरं पान वाचायला लावलं. मग पाऊणकी विचारली, अडीचकी विचारली. तिचा एक आकडा चुकला नाही. वर्गातली पोरं तिच्याकडे आ वासून बघत होती. खिडकीशी वाळू ताठ बसला होता.

"शाबास," हेडमास्तर म्हणाले. "आता एक उदाहरण. चार माणसं एक बांध सहा दिवसांत घालतात. तोच बांध आठ माणसं किती दिवसांत घालतील?"

जिवलीने फळ्यावर लिहिलं: बारा.

"नीट बघ. माणसं वाढली तर दिवस वाढतील का?"

"शेतात नाय वाढत," जिवली म्हणाली. "हिशेबात वाढतात."

वर्ग हसला. हेडमास्तरांनी हात वर करून पोरांना गप्प केलं. "असं कोणी सांगितलं तुला?"

"माज्या बाबांनी."

त्यांनी ते तिथेच सोडलं. तिला सावरायला सोपं काही विचारावं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "मुंबई दाखव बरं."

जिवली नकाशासमोर गेली. बराच वेळ बघत उभी राहिली. मग वळून विश्वासाने म्हणाली, "ह्यो आडवा टांगलाय. समुद्र वरती पायजे."

आता पोरं आवरेनात. "गप्प!" हेडमास्तर ओरडले, आणि घाईघाईने त्यांनी विचारलं, "असू दे, असू दे. खंडांची नावं तरी येतात ना?"

"सात," जिवली म्हणाली. "बसरा, मिसर, फरांस..."

प्रत्येक नावाला हसू वाढत गेलं. ती थांबली नाही. तिला वाटत होतं, सातही सांगून झाली की हसणं थांबेल. लंका म्हटल्यावर एक पोर बाकावरून खाली पडलं. तेव्हा तिने खिडकीकडे पाहिलं. वाळू तिथे नव्हता. तो व्हरांड्याच्या खांबाआड सरकला होता. त्याचा एक खांदा तेवढा दिसत होता.

हेडमास्तर बाहेर आले. ते रागावले असते तर वाळूला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मुलगी फार हुशार आहे. असं वाचणारं पोर माझ्या शाळेत नाही. पण जे चुकीचं बसलंय ते आधी काढावं लागेल. तिसरीत बसवतो. लहान मुलांत बसावं लागेल, पण दोन वर्षांत वर येईल. सोमवारी आणा."

परतीच्या वाटेवर दोन कोस चालून झाले. एका ओढ्याशी जिवली पाणी प्यायली आणि दगडावर बसली.

"बाबा, तुमाला म्हाईत व्हतं?"

"काय गो?"

"मानसांचं. दिवसांचं."

नाही म्हणता आलं असतं. "व्हतं," वाळू म्हणाला. "म्हंजे चुकतंय येवढं कळत व्हतं. बरोबर कसं ते येत नव्हतं."

"मंग येत नाय म्हून का नाय सांगितलंत?"

"तू इचारायचीस," तो म्हणाला. "वाट बघत बसायचीस."

जिवली ओढ्याकडे बघत होती. "आनी काय काय खोटं हाय?"

वाळू विचार करू लागला. इतकी वर्षं सांगता सांगता खरं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, हे त्यालाच नीट सांगता येईना.

"बसरा हाय?" तिने विचारलं.

"हाय. मी पायानं चाललोय तिथं."

"फरांस?"

"हाय म्हनतात."

"ती नदी? वाळवंटाच्या पलीकडची?"

वाळूने ओंजळीत पाणी घेतलं आणि न पिताच सोडून दिलं.

"पाढे?"

"पाढे खरे हायत, जिवले. हेडमास्तर शाबास म्हनले ना? पाढे सगळे खरे."

"नक्की?"

"नक्की."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसलेला नव्हता. ती उठली आणि त्याच्या पुढे चालू लागली.

नवसू पाड्याच्या बाहेर येऊन उभा होता. लांबूनच ओरडला, "घेतली का गो?" दोघं जवळ आले तरी कोणी काही बोललं नाही. नवसूला वाटलं, त्यांनी सांगितलं पण आपल्याला ऐकू आलं नाही. त्याने उजवा कान पुढे केला आणि पुन्हा विचारलं, "घेतली का?" मग तिसऱ्यांदा. जिवली त्याच्या बाजूने घरात गेली.

बाईजाने सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. वाळू पुढे कित्येक वर्षं ते वाक्य ऐकायची वाट बघत होता. ती फक्त म्हणाली, "सोमवारी तिला घेऊन जा. तिसरी तं तिसरी."

सोमवार आला. जिवली उठली नाही.

"लहान पोरांची लाज वाटते का?" बाईजाने विचारलं.

"लाज नाय."

"मंग?"

"तिथं सांगतील ते खरं कशावरनं?"

बाईजा तिच्याजवळ बसली. तिने समजावलं, रागावली, एकदा हात धरून ओढलंही. गोदूने दोनदा निरोप धाडला. जिवली शेतावर जायची, गुरांचं करायची, सांगितलेलं सगळं ऐकायची. पाटी तिने आढ्यावर टाकली.

त्या श्रावणात वाळू खैरोलीला गेला. सहा वर्षांनी तो शाळेच्या पुढच्या दाराने आत शिरला. मास्तर आता म्हातारे दिसत होते. वाळू म्हणाला, "मास्तर, मानसं वाढली तं दिवस कमी होतात ते उदाहरन कसं करायचं ते मला सांगा."

मास्तर त्याला घेऊन बाहेर आले. पायरीवर बसून त्यांनी चिंचोके मांडले. "आधी एका माणसाला एकट्याने किती दिवस लागतील ते काढ. चार माणसं, सहा दिवस. म्हणजे एकट्याला चोवीस. मग चोवीसला आठाने भाग. तीन. याला व्यस्त त्रैराशिक म्हणतात." वाळूने स्वतः दोन उदाहरणं करून पाहिली. दोन्ही बरोबर आली. चिंचोके गोळा करून झाले तेव्हा पोरांची मधली सुट्टीही संपली नव्हती. एवढंच होतं ते.

तो जवळजवळ धावत घरी आला. ओटीवर त्याने खडे मांडले. "जिवले, हे बघ. आता मला आलं. मास्तरांनी सांगितलं. एका मानसाचं आधी काढायचं..."

जिवली खड्यांकडे थोडा वेळ बघत होती. मग म्हणाली, "गाय सोडायची हाय," आणि उठून गेली. वाळू खडे मांडलेले तसेच ठेवून बसला. नवसू आला, त्याने ते पायाने बाजूला केले; त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

धोंडीबाई पत्र घेऊन आली तेव्हा जिवली म्हणाली, माझे डोळे दुखतात. पुढच्या खेपेलाही तेच म्हणाली. म्हातारीने मग वाळूकडून वाचून घेतलं. वाळू एकदाच वाचायचा, तेही भरभर. दिवाळीआधी बाईजाने कूड सारवला आणि तो तसाच कोरा राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात जिवलीचं लग्न झालं. मुलगा मुरबाडकडचा, म्हशापासून कोसभरावर त्याचं घर, नाव कान्हा. शांत माणूस होता, शेतीवाला, दारू न पिणारा. तिला सासुरवास झाला नाही. मुली झाल्या, त्यातली एक जगली, रंभा. आपल्या बायकोला वाचता येतं हे कान्हाला ऐकून माहीत होतं, पण त्याने कधी पाहिलं नाही, आणि विचारलंही नाही.

वाळू दरवर्षी पौषात जत्रेच्या निमित्ताने लेकीकडे जायचा. एकोणपन्नास सालीही गेला. कान्हा बैल घेऊन जत्रेत होता. वाळू अंगणात उन्हाला बसला होता आणि सहा वर्षांची रंभा त्याच्या पाठीवर चढत होती. तेवढ्यात खादीचा सदरा घातलेला एक तरुण मास्तर लांब वही घेऊन आला. आता सक्तीचं शिक्षण होतं, गावोगाव मुलांच्या याद्या चालल्या होत्या. गावाला जूनपासून स्वतःची शाळा मिळायची होती.

"सहा वर्षांवरचं कोण आहे घरात?"

"येक पोरगी हाय," जिवली म्हणाली. "रंभा."

"पाठवणार ना? पाठवावंच लागेल, बाई. घरी ठेवलं तर दंड आहे."

"पाठवीन."

मास्तर ओट्यावर टेकला, नाव लिहिलं, वही तिच्यापुढे केली. "सही की अंगठा?"

जिवलीने डावा हात पुढे केला.

"मास्तर, तिला लिवता येतं," वाळू म्हणाला. त्याला राहवलं नाही. "मोठमोठी पत्रं वाचायची ती. शहापूरच्या हेडमास्तरांनी शाबास म्हनलं व्हतं."

मास्तराचा चेहरा उजळला. सकाळपासून त्याने नुसते अंगठे घेतले होते. त्याने टाक पुढे केला. "अहो, मग घ्या की! या गावात सही करणारी पहिली बाई व्हाल तुम्ही."

जिवलीने टाकाला हात लावला नाही. "नाय येत, मास्तर," ती म्हणाली. "बाबांना वाटतं तसं. वय झालंय त्यांचं."

मास्तराने वाळूकडे समजूतदारपणे पाहिलं आणि शाईची डबी उघडली.

अंगठा टेकण्याआधी जिवलीचे डोळे त्या ओळीवरून गेले. वाळू समोरच होता, त्याने ते पाहिलं. मग त्यानेही वाकून, उलटीच, ती ओळ वाचली. मास्तराने घाईत अनुस्वार दिला नव्हता. रंभाच्या ठिकाणी रभा झालं होतं.

वाळूने जिवलीकडे पाहिलं. ती बोलेल म्हणून तो थांबला. तिने अंगठा शाईत बुडवला, त्या नावासमोर दाबला, आणि हात पदराला न पुसता चुलीतल्या राखेने घासायला आत गेली. वाळूनेही तोंड उघडलं नाही. मास्तराने ओळ टिपली, वही मिटली आणि पुढच्या घराकडे गेला. रंभा त्याच्या मागे मागे कुंपणापर्यंत धावत गेली.

वाळू दोन दिवस राहायला आला होता. तो त्याच दुपारी निघाला. भाकरी खाऊन जा, असं जिवली म्हणाली, म्हणून तो जेवला. वाटेला लागल्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. आतून जात्याचा आवाज येत होता.